हॉप्सच्या ढिगाऱ्यातून निघालेली टी-टेस्ट: गिनेसच्या विल्यम गॉसेटची गोष्ट

समजा तुम्हाला इअरफोन घ्यायचेत. एका मॉडेलला ५ स्टार आहेत, पण रेटिंग देणारे फक्त ४ जण. दुसऱ्याला ४.३ स्टार, आणि रेटिंग देणारे १२ हजार. कुठला घ्याल? बहुतेक जण दुसराच घेतील, कारण ४ जणांच्या मतावर कोण विश्वास ठेवणार!

पण जरा थांबा. ४ ऐवजी १० जण असते तर? ३० असते तर? नेमका कुठल्या आकड्यापासून विश्वास ठेवायचा? आणि कधीकधी हातात खरंच फक्त ४ आकडे असतात, पाचवा मिळणारच नसतो. मग काय, निर्णयच घ्यायचा नाही?

या प्रश्नाचं नीट उत्तर १९०८ साली मिळालं. ते देणारा माणूस कुठल्या विद्यापीठात प्रोफेसर नव्हता. तो डब्लिनमधल्या बिअरच्या कारखान्यात नोकरी करायचा. आज ए/बी टेस्टिंग म्हणून जे काही चालतं, त्यात त्याचं गणित कुठे ना कुठे असतंच. पण त्याचं खरं नाव फार कमी लोकांना माहीत आहे, कारण त्याने पेपर टोपणनावाने छापले. ते टोपणनाव होतं ‘स्टुडंट’. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ वाचून बऱ्याच जणांना वाटतं की ही विद्यार्थ्यांसाठी केलेली सोपी टेस्ट असावी. तसं नाही. हा स्टुडंट म्हणजे विल्यम सीली गॉसेट.

चष्म्यामुळे हुकलेली फौज

गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ चा, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. वडील ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये कर्नल. मुलालाही तिथेच जायचं होतं, पण डोळे अधू निघाले आणि तो रस्ता बंद झाला. मग विंचेस्टरची शाळा आणि पुढे ऑक्सफर्डचं न्यू कॉलेज. तिथे त्याने आधी गणितात आणि मग १८९९ मध्ये केमिस्ट्रीत पहिला वर्ग मिळवला.

त्याच वर्षी तो डब्लिनला गिनेस कंपनीत रुजू झाला. आर्थर गिनेसने १७५९ मध्ये सुरू केलेली ही ब्रुअरी तोवर जगातल्या सगळ्यात मोठ्या ब्रुअरींमध्ये गणली जात होती. आणि १८९० च्या दशकात या कंपनीने एक वेगळी गोष्ट सुरू केली होती: ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधून सायन्स शिकलेल्या पोरांना थेट ‘ब्रुअर’ म्हणून घ्यायचं. म्हणजे आजच्या भाषेत डेटावाले लोक कारखान्यात आणायचे.

का? कारण कारखाना इतका मोठा झाला होता की पिढीजात अंदाजावर भागत नव्हतं. जुना कारागीर हॉप्स हातात चोळून, वास घेऊन सांगायचा की माल चांगला आहे का. एका पिंपासाठी ते ठीक आहे. पण हजारो पिंपं रोज बाहेर पडत असतील तर एका माणसाच्या नाकावर किती भरवसा ठेवणार?

हॉप्स म्हणजे काय, आणि ते मोजायचे कशाला?

हॉप्स ही एका वेलीची फुलं. दिसायला हिरव्या, खवल्याखवल्यांच्या छोट्या कोनासारखी. बिअरमधला कडवटपणा आणि बराचसा सुगंध यांच्यामुळे येतो. शिवाय हॉप्समुळे काही प्रकारचे बॅक्टेरिया वाढत नाहीत, म्हणून बिअर टिकते. फ्रिज नसलेल्या काळात, जहाजाने लांब जाणाऱ्या बिअरसाठी हा मुद्दा चवीइतकाच महत्त्वाचा होता.

हे सगळं काम फुलातली पिवळी राळ करते. तिचे दोन भाग मानले जातात: मऊ राळ आणि कडक राळ. कामाची असते ती मऊ राळ. आज आपण ज्याला अल्फा ॲसिड म्हणतो ते हिच्यातच असतं. हॉप्स जुने झाले, उष्णतेत आणि हवेत पडून राहिले, की मऊ राळ कमी होत जाते आणि कडक राळ वाढते. म्हणजे वजन तेच, पण दम गेलेला.

गिनेस हॉप्स विकत घ्यायची ते इंग्लंडच्या केंट भागातून आणि अमेरिकेतून. प्रत्येक लॉट वेगळा. गॉसेटच्या आधी रुजू झालेला टॉमस केस नावाचा ब्रुअर मऊ राळेचं प्रमाण मोजत होता. एका लॉटच्या डझनभर तपासण्यांची सरासरी आली ८.१ टक्के, दुसऱ्या लॉटची ८.४. आता हा ०.३ चा फरक खरा आहे, की दुसऱ्या लॉटमधून योगायोगाने चांगली फुलं हाताला लागली? फरक खरा असेल तर त्यावर खरेदीचे पैसे ठरणार, रेसिपीतलं हॉप्सचं वजन ठरणार. खोटा असेल तर विनाकारण रेसिपी हलवली जाणार, आणि हजारो पिंपांची चव बिघडणार. केसकडे याचं उत्तर नव्हतं. खरं तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

जुनं गणित कुठे अडत होतं?

त्या काळात स्टॅटिस्टिक्स होतं, पण ते मोठ्या नमुन्यांसाठी. शेकडो, हजारो मोजमापं घ्या, सरासरी काढा, आणि बेल कर्व्हच्या टेबलवरून सांगा की चूक किती असू शकते. लंडनमध्ये कार्ल पिअरसन या कामाचा बादशहा होता. माणसांच्या उंचीची हजारभर मोजमापं मिळवणं त्याला कठीण नव्हतं.

ब्रुअरीत मात्र प्रत्येक तपासणीला वेळ, पैसा आणि माल लागतो. शेतातला जवाचा प्रयोग असेल तर वर्षातून एकदाच पीक येतं. म्हणजे ४ किंवा ५ आकड्यांवर भागवायचं.

मग ४ आकड्यांवर जुनं टेबल लावलं तर बिघडतं काय? एक मनाने घेतलेलं उदाहरण बघू. समजा एका लॉटमधल्या ४ नमुन्यांत मऊ राळ आली ७.६, ८.९, ८.० आणि ८.३ टक्के. सरासरी ८.२. आकड्यांची पसरण, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, साधारण ०.५५. त्याला ४ च्या वर्गमुळाने, म्हणजे २ ने भागलं की सरासरीतली चूक येते ०.२७.

आता बेल कर्व्ह सांगतो की ९५ टक्के खात्री हवी तर या चुकीला १.९६ ने गुणा. म्हणजे खरी सरासरी ७.७ ते ८.७ च्या मध्ये कुठेतरी.

गडबड इथेच आहे. ती ०.५५ ची पसरणसुद्धा आपण त्याच ४ आकड्यांवरून काढली. ती स्वतःच एक अंदाज आहे! योगायोगाने चारही आकडे जवळजवळ आले असते तर पसरण कमी दिसली असती, आणि आपण उगाच छाती फुगवून बसलो असतो. मोठ्या नमुन्यात हा दोष जाणवत नाही, पण लहान नमुन्यात चांगलाच महागात पडतो.

३००० कार्डं आणि हाताने केलेलं सिम्युलेशन

१९०४ मध्ये गॉसेटने कंपनीसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. विषय होता, मोजमापातल्या चुकांचं गणित ब्रुअरीच्या कामात कसं वापरायचं. त्याने स्पष्ट केलं की धंद्यात किती खात्री पुरेशी आहे हे आधी ठरवावं लागतं, आणि ते चुकीची किंमत काय यावर अवलंबून असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

१९०५ मध्ये तो पिअरसनला भेटला आणि १९०६-०७ मध्ये कंपनीने त्याला वर्षभरासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्याच्याकडे शिकायला पाठवलं. १९०६ मध्येच त्याचं मार्जरी फिलपॉट्सशी लग्न झालं. १९०७ मध्ये पहिला पेपर आला. मायक्रोस्कोपखाली यीस्टच्या पेशी मोजताना किती चूक होते, यावर. मग १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या जर्नलमध्ये तो प्रसिद्ध पेपर, सरासरीतल्या संभाव्य चुकीबद्दलचा.

त्यात त्याने लहान नमुन्यासाठी वेगळा कर्व्ह मांडला. दिसायला बेलसारखाच, पण दोन्ही बाजूंच्या शेपट्या जाड. अर्थ साधा आहे: नमुना लहान असेल तर टोकाचे निकाल योगायोगाने यायची शक्यता आपण समजतो त्यापेक्षा जास्त असते. नमुना वाढवत नेला की शेपट्या बारीक होत जातात आणि शेवटी नेहमीचा बेल कर्व्ह होतो.

पण गणित बरोबर आहे हे तपासायचं कसं? कॉम्प्युटर तर नव्हता. गॉसेटने ३००० कैद्यांच्या उंचीची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीची आधीच छापलेली आकडेवारी घेतली. एकेक आकडा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिला. सगळे तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. मग प्रत्येक गटाची सरासरी आणि पसरण हाताने काढली आणि आपल्या कर्व्हशी ताडून बघितली. जुळली! आज आपण लूप लिहून दोन सेकंदात जे सिम्युलेशन करतो, ते त्याने पुठ्ठ्यावर केलं.

आपल्या उदाहरणात हे बसवू. ४ नमुने असतील तर गुणायचं १.९६ ने नाही, ३.१८ ने. म्हणजे खरी सरासरी ७.३ ते ९.१ च्या मध्ये. पट्टा एकदम रुंद झाला. हाच प्रामाणिक पट्टा. ११ नमुने असते तर आकडा २.२३ झाला असता, ३१ असते तर २.०४. सुरुवातीच्या त्या इअरफोनच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. लहान नमुन्यावर विश्वास ठेवायचाच नाही असं नाही. फक्त त्याच्या भोवतीचा पट्टा रुंद ठेवायचा, आणि तो किती रुंद हे गॉसेटचं टेबल सांगतं.

नाव लपवलेला माणूस

एवढं मोठं काम केलं तर नाव का नाही लावलं? कारण कंपनीची अट. गिनेस आपल्या ब्रुअर्सना स्वतःच्या नावाने पेपर छापू देत नव्हती. दुसऱ्या ब्रुअरींना कळू नये की इथे स्टॅटिस्टिक्स वापरून माल सुधारला जातोय. म्हणून ‘स्टुडंट’. त्याच्या हयातीत बहुतेक पेपर याच नावाने आले. बाहेरच्या कित्येक वाचकांना हा स्टुडंट कोण, याचा पत्ता नव्हता.

पेपर छापला गेला तेव्हा फार गाजावाजाही झाला नाही. पिअरसनसकट बड्या मंडळींना लहान नमुन्यांची गरजच वाटत नव्हती. १९१२ मध्ये केंब्रिजमधला रोनाल्ड फिशर नावाचा तरुण त्याला पत्र लिहू लागला. गॉसेटने जे अर्धं गणिताने आणि अर्धं अंदाजाने काढलं होतं, त्याची पक्की सिद्धता फिशरने दिली. गॉसेटला ते गणित झेपलं नाही, म्हणून त्याने ते पिअरसनकडे पाठवलं. पुढे १९२५ मध्ये फिशरने आपल्या पुस्तकात ही टेस्ट जगभर पोहोचवली. आज वापरतो तो ‘t’ तेव्हाचा. गॉसेटच्या मूळ पेपरात ‘z’ होता आणि त्याची मांडणीही थोडी वेगळी होती.

गंमत म्हणजे पिअरसन आणि फिशर यांचं एकमेकांशी हाडवैर. आणि गॉसेट दोघांचाही मित्र. स्वभावाने शांत, बागकाम करणारा, मासे पकडणारा, स्वतःच्या हाताने होड्या बांधणारा माणूस. श्रेय कोणाला मिळतंय याची त्याला विशेष फिकीर नव्हती असं दिसतं.

मोठा डेटाही फसवतो: दुधाचा प्रयोग

लहान नमुन्याचा माणूस म्हणून त्याला मोठ्या डेटाचं वावडं नव्हतं. पण आकडा मोठा दिसला की डोळे मिटायचे नाहीत, हे त्याने दाखवून दिलं.

१९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमध्ये २० हजार शाळकरी मुलांवर प्रयोग झाला. १० हजार मुलांना चार महिने रोज दूध, बाकीच्या १० हजारांना नाही. बघायचं होतं की दुधाने वजन-उंची वाढते का. गॉसेटने १९३१ मध्ये त्याची चिरफाड केली. गट पाडताना शिक्षकांना थोडी अदलाबदल करायची मुभा होती. झालं असं की दूध न मिळालेला गट सुरुवातीलाच वजनाने आणि उंचीने जास्त निघाला. त्याला वाटलं की शिक्षकांनी मायेपोटी हडकुळ्या, गरीब घरच्या मुलांना दुधाच्या गटात टाकलं असावं. त्यात वजनं कपड्यांसकट केलेली: सुरुवातीचं हिवाळ्यात, शेवटचं उन्हाळ्यात. गरीब मुलांकडे हिवाळ्याचे जाड कपडे मुळातच कमी, त्यामुळे तिथेही गडबड.

त्याने सुचवलं की ५० जुळ्या जोड्या घ्या, एकाला दूध द्या, दुसऱ्याला नको. यातून २० हजार मुलांपेक्षा जास्त कळेल, आणि खर्चही कितीतरी कमी. तुलना सारख्याशी सारख्याची हवी. नुसता आकडा फुगवून उपयोग नाही.

घरच्या बिअरमध्ये हॉप्स चुकले तर?

आता गॉसेटची पद्धत एका छोट्या पातेल्यावर लावून बघू. जगात अनेक ठिकाणी लोक हौसेने घरी बिअर बनवतात. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करता येत नाही, दारूबंदी कायद्याखाली तो गुन्हा आहे. त्यामुळे इथे फक्त समजून घ्या.) त्यांच्या हॉप्सच्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात.

पहिली: रेसिपीत २० ग्रॅम लिहिलं म्हणून २० ग्रॅम टाकले, पण पाकिटावरचं अल्फा ॲसिड बघितलंच नाही. रेसिपी ५ टक्क्यांच्या हॉप्सची आणि हातातले १० टक्क्यांचे, तर १० ग्रॅमच पुरे होते. दुसरी: उघडं पाकीट महिनोन्महिने बाहेर ठेवलं आणि मऊ राळ उडून गेली. तिसरी: वेळ चुकली. कडवटपणासाठी हॉप्स तासभर उकळतात, सुगंधासाठी अगदी शेवटी टाकतात. सुगंधाचे हॉप्स आधीच टाकले तर सुगंध वाफेबरोबर गेला, कडवटपणा तेवढा उरला. चौथी: आंबल्यानंतर टाकलेले कोरडे हॉप्स फार दिवस ठेवले आणि गवतासारखी चव आली.

उपायही आहेत. कडू झालेली बिअर गोड करता येत नाही, पण कमी कडू बॅचमध्ये मिसळता येते. सुगंध गेला असेल तर थोडे कोरडे हॉप्स दोन-चार दिवसांसाठी टाकता येतात.

पण खरी चूक याच्या पुढची. माणूस पुढच्या वेळी हॉप्स बदलतो, यीस्ट बदलतो, पाणीही बदलतो. एक ग्लास पितो आणि म्हणतो, जमलं बुवा! कशामुळे जमलं, आणि जमलं की नुसतं वाटलं, हे कळायला मार्गच नाही.

गॉसेटच्या विचाराने चालायचं तर एकाच पातेल्यातलं गोड पाणी दोन भांड्यांत वाटायचं, आणि फक्त हॉप्स वेगळे ठेवायचे. हीच ती जुळी जोडी. मग चाखणाऱ्याला तीन ग्लास द्यायचे: दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. नुसत्या नशिबाने बरोबर यायची शक्यता तीनात एक. ५ मित्रांपैकी ३ जणांनी ओळखला तर फार काही सिद्ध होत नाही. नशिबाने किमान तेवढे जण बरोबर यायची शक्यता २१ टक्के आहे. पण ४ किंवा ५ जणांनी ओळखला तर नशिबाची शक्यता साडेचार टक्के. पाच माणसांत उत्तर मिळालं! (इथे टी-टेस्ट नाही, साधी प्रोबॅबिलिटी आहे. विचार मात्र तोच.)

आणि साडेचार टक्के पुरेसे का? ते चुकीच्या किमतीवर. पाच लिटरच्या बॅचसाठी भरपूर झाले. लाखो लिटरसाठी गॉसेटने आणखी नमुने मागितले असते.

शेवट, आणि पुण्याचा एक धागा

गॉसेटने पुढची बरीच वर्षं आयर्लंडमध्ये जवाच्या जातींची तुलना करण्यात घालवली. १९३५ मध्ये तो लंडनच्या पार्क रॉयलला, गिनेसच्या नव्या ब्रुअरीत गेला. १९३७ मध्ये तो गिनेसचा मुख्य ब्रुअर झाला. पण ते पद त्याला जेमतेम महिनाभर मिळालं. १६ ऑक्टोबर १९३७ ला हार्ट अटॅकने तो गेला, वय ६१. शेवटपर्यंत शेतातले प्रयोग कसे मांडावेत यावर त्याचा फिशरशी वाद चालू होता; त्याचा त्यावरचा पेपर मृत्यूनंतर १९३८ मध्ये आला.

त्याच १९३८ मध्ये पांडुरंग वासुदेव सुखात्मे या मराठी स्टॅटिस्टिशियनने ‘सांख्य’ या भारतीय जर्नलमध्ये एक पेपर छापला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा जन्म, पुण्याच्या फर्ग्युसनमधून पदवी, मग लंडनचं तेच युनिव्हर्सिटी कॉलेज. विषय होता, दोन लहान नमुन्यांची पसरण वेगवेगळी असताना त्यांच्या सरासरीतला फरक कसा तपासायचा. म्हणजे केसच्या त्या दोन हॉप्सच्या लॉटचाच प्रश्न, एक पायरी पुढे नेलेला. सुखात्म्यांनी पुढे भारतातल्या पिकांच्या नमुना पाहणीवर मोठं काम केलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत स्टॅटिस्टिक्स विभागाचे प्रमुख झाले.

आज टी-टेस्ट करायला पुठ्ठे कापावे लागत नाहीत. फोनवरच्या गूगल शीट्समध्येही तिचं फंक्शन आहे. दोन रकाने भरा, उत्तर हजर. पण ते फंक्शन तुम्हाला तीन गोष्टी विचारत नाही: तुलना सारख्याशी सारख्याची होती का, आकडे निवडताना कोणी मायेने हात घातला का, आणि चूक झाली तर किंमत काय. पुढच्या वेळी कुठल्या ॲपचा, कुठल्या क्रीमचा किंवा कुठल्या क्लासचा टक्केवारीचा दावा दिसला, की हे तीन प्रश्न तुम्ही विचारा.